अर्धवेळ पर्यावरण शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज करताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: विज्ञानाची पदवी आहे, पक्षी-झाडांची चांगली ओळख आहे, पण शाळेत शिकवल्याचा अनुभव नाही. निसर्गसंवर्धन करणाऱ्या एका ना-नफा संस्थेत आठवड्याला २० तासांची पर्यावरण शिक्षकाची जागा निघाली आहे. अर्जात काय लिहावं, सोबत काय जोडावं आणि मुलाखतीत काय अपेक्षित असतं?

अर्ज वाचणाऱ्याला मुख्यतः एकच गोष्ट जाणून घ्यायची असते. ही व्यक्ती पंचवीस मुलं घेऊन दीड तास उघड्यावर गेली, तर मुलं सुखरूप परत येतील का आणि येताना काही शिकून येतील का? तुम्हाला निसर्गाची ओढ आहे हे संस्थेने धरलेलंच असतं, कारण ती अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला असते. ‘लहानपणापासून निसर्गाची आवड’ या वाक्याने सुरू होणारी पत्रं एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत, ती याचमुळे. गट सांभाळता येतो याचा पुरावा द्या. शाळेतल्या नोकरीचा अनुभव नसला तरी तो देता येतो, कसा ते पुढे येईलच.

आधी जाहिरात नीट वाचा. ‘अर्धवेळ’ या शब्दाखाली बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी असतात. कुठे महिन्याचं ठरावीक मानधन असतं, कुठे सत्रामागे पैसे मिळतात, कुठे शाळा चालू असतानाच काम असतं आणि सुट्टीत काहीच नसतं. काही जागा एखाद्या प्रकल्पाच्या अनुदानावर निघतात आणि अनुदान संपलं की संपतात. शनिवार-रविवार बंधनकारक आहेत का, प्रवासाचा वेळ कामात धरतात का, तयारीच्या वेळेचे पैसे मिळतात का, हे जाहिरातीत नसेल तर नोंद करून ठेवा. मुलाखतीत विचारायचं आहे.

२० तासांचा हिशेबही आधीच करून पाहा. दीड तासाच्या एका मैदानी सत्राला साधारण ४५ मिनिटं तयारी, ३० मिनिटं जागेवर पोहोचून पाहणी आणि मांडणी, ३० मिनिटं आवरणं, धुणं, सामान मोजणं आणि २० मिनिटं नोंदी व शिक्षकांशी पत्रव्यवहार लागतो. म्हणजे एका सत्रामागे साडेतीन तासांहून थोडा जास्त वेळ जातो. आठवड्याला पाच सत्रं घेतली तर जवळजवळ १८ तास संपतात आणि बैठकींना दोन तास उरतात. जाहिरातीत २० तास आणि आठ-दहा सत्रं लिहिली असतील, तर उरलेलं काम तुमच्या घरच्या वेळेतून होणार आहे. हे ठाऊक असलेला उमेदवार मुलाखतीत लगेच ओळखू येतो.

यानंतर संस्थेचा गेल्या दोन वर्षांचा वार्षिक अहवाल काढून वाचा. नुसतं ‘आमच्याविषयी’ हे पान पुरत नाही. संस्था कोणत्या अधिवासावर काम करते, शिक्षणाचा कार्यक्रम संवर्धनाच्या कामाला कुठे जोडलेला आहे, मुलं कोणत्या वयाची येतात आणि यश कशात मोजलं जातं, ही चार उत्तरं मिळवा. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आहे. काही संस्था फक्त किती मुलं आली ते मोजतात, तर काहींना नंतर काय बदललं ते दाखवावं लागतं, कारण निधी देणारा ते मागतो. पाणथळ जागा वाचवणाऱ्या संस्थेला कचरा वर्गीकरणाचं सत्र सुचवलंत, तर अहवाल वाचला नाही हे पहिल्या मिनिटाला कळतं.

पत्र एका पानात बसवा, ३५० ते ४०० शब्दांत. पहिल्या दोन-तीन ओळींत कोणती जागा, तुम्ही आत्ता काय करता आणि आठवड्यातले कोणते दिवस मोकळे आहात ते सांगा. अर्धवेळ जागेसाठी दिवस सांगणं फार उपयोगी पडतं, कारण संस्थेला शाळांच्या वेळापत्रकाशी तुमची सांगड घालायची असते. त्यानंतरचा परिच्छेद गट हाताळण्यावर हवा आणि त्यात वय, संख्या, वेळ आणि निष्पत्ती या चार गोष्टी याव्यात. ‘मुलांसाठी विविध उपक्रम राबवले’ या वाक्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहिता येतं: ‘८ ते १० वर्षांच्या १८ मुलांना इमारतीभोवतीच्या मुंग्यांच्या वाटा शोधायला लावल्या, ४० मिनिटांत प्रत्येक गटाने एका वाटेचा नकाशा काढला.’ या दोन ओळींवरून वाचणाऱ्याला सत्र डोळ्यांसमोर उभं करता येतं. तिसऱ्या परिच्छेदात संस्थेच्या एका विशिष्ट कार्यक्रमाचं नाव घेऊन तुम्ही तिथे काय भर घालाल ते सांगा. शेवटी प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र, वाहन परवाना, येणाऱ्या भाषा आणि सोबत काय जोडलं आहे ते लिहा.

अनुभव खरोखरच शून्य असेल, तर अर्जाची मुदत संपण्याआधी तो थोडाफार जमवता येतो. एखाद्या निसर्गफेरीत मदतनीस म्हणून जा. गटाच्या शेवटी चालणं, डोकी मोजणं, मागे राहिलेल्या मुलाला पुढे आणणं ही कामं मागून घ्या. ग्रंथालय, वसाहत किंवा ओळखीची शाळा इथे तासाभराचं एक सत्र स्वतः घ्या. पक्षी ओळखण्याच्या अभ्यासक्रमाच्या आणखी एका प्रमाणपत्रापेक्षा अशी दोन-तीन सत्रं आणि प्रथमोपचाराचा एक छोटा अभ्यासक्रम जास्त कामी येतो. प्रत्येक सत्रानंतर त्याच दिवशी अर्धं पान नोंद ठेवा: किती मुलं, काय ठरवलं होतं, काय झालं, कुठे वेळ घसरला. मुलाखतीत सांगायची उदाहरणं तुम्हाला याच नोंदींतून मिळतील.

बायोडेटा दोन पानांचा असावा. त्यात हजेरी लावलेल्या कार्यशाळांची लांबलचक यादी देऊ नका. प्रत्येक नोंदीसमोर तुमची भूमिका लिहा, म्हणजे सत्र घेतलं, मदत केली, की नुसते बसलात. तिन्हींत फरक आहे आणि शिफारस देणाऱ्याला फोन गेला की तो उघड होतो. शिफारस देणाऱ्यांना आधी विचारा आणि त्यांच्यापैकी निदान एकाने तुम्हाला मुलांसोबत काम करताना पाहिलेलं असू द्या. फाइल पीडीएफमध्ये पाठवा, नावात तुमचं नाव आणि पद घाला.

आता ज्या एका गोष्टीने अर्जाचं वजन सर्वांत जास्त वाढतं ती म्हणजे एका पानाची सत्र-योजना. जाहिरातीत मागितली नसली तरी जोडा. शिकवण्याचा औपचारिक अनुभव नसलेल्या उमेदवाराला याहून चांगला पुरावा देता येत नाही.

उद्देशापासून सुरुवात करा. १९७७ मध्ये जॉर्जियातल्या (तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या) तिबिलिसी इथे युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने भरवलेल्या परिषदेत पर्यावरण शिक्षणाची उद्दिष्टं पाच गटांत मांडली गेली: जाणीव, ज्ञान, दृष्टिकोन, कौशल्यं आणि सहभाग. या क्षेत्रातले बहुतेक कार्यक्रम आजही याच चौकटीत लिहिले जातात. एका तासात पाचही साधत नाहीत. एखादं कौशल्य आणि थोडी जाणीव एवढंच प्रामाणिकपणे ठरवता येतं. ‘मुलांमध्ये निसर्गाविषयी प्रेम निर्माण होईल’ हा उद्देश तासाच्या शेवटी तपासता येत नाही. ‘पायांच्या संख्येवरून मुलं किमान तीन प्राणीगट वेगळे करतील’ हा तपासता येतो.

याच उद्देशाची योजना कशी दिसेल ते पाहा. विषय पालापाचोळ्यातले जीव, वय ९ ते ११, मुलं २४, चौघांचे सहा गट, वेळ ६० मिनिटं. साहित्यात सहा पांढरे ट्रे (तळ पांढरा असला की काळपट जीव हलताना दिसतात), बारा भिंगं, बारा मऊ ब्रश, झाकणाचे पारदर्शक डबे, सहा ओळखतक्ते, साबण-पाणी आणि प्रथमोपचार पेटी. भिंग तीन ते पाच पट मोठं दाखवणारं घ्या. दहापटीचं भिंग डोळ्याला अगदी चिकटवून धरावं लागतं आणि वस्तूही जवळ आणावी लागते. या वयाच्या मुलांना ते जमत नाही आणि पाच मिनिटांत भिंगं बाजूला पडतात.

वेळ अशी वाटा: पाच मिनिटं जमणं, हद्द आणि नियम, पाच मिनिटं ब्रशने जीव कसा उचलायचा याचं प्रात्यक्षिक, पंधरा मिनिटं शोध, पंधरा मिनिटं पाय मोजून गट पाडणं, दहा मिनिटं ‘या पानांचं पुढे काय होतं’ यावर बोलणं, पाच मिनिटं जीव जिथून घेतले तिथेच सोडणं, पाच मिनिटं हात धुणं आणि डोकी मोजणं. शेवटची दहा मिनिटं कधीही कापू नका. बहुतेक नवख्यांच्या सत्रात शोध लांबतो, मग जीव घाईने कुठेतरी ओतले जातात आणि मुलं न धुतलेल्या हातांनी डबा खायला बसतात.

तक्ता साधा ठेवा. सहा पाय म्हणजे कीटक. आठ पाय म्हणजे कोळी आणि त्याचे भाऊबंद. चौदा पायांचा, करड्या चिलखतासारख्या पाठीचा छोटा जीव दिसला तर तो कीटक नाही, खेकड्यांच्या नात्यातला आहे. गोमेला शरीराच्या प्रत्येक खंडाला पायांची एक जोडी असते, पैसा किड्याला बहुतेक खंडांना दोन. गांडूळ आणि गोगलगाय बिनपायाच्या रकान्यात जातात. एक अडचण हमखास येते. मुलं अळी आणतात आणि सहाहून जास्त पाय मोजतात. खरे पाय पुढचे सहाच, मागचे मांसल ठोकळे फक्त पकड घ्यायला असतात. हे योजनेत एका ओळीत लिहून ठेवलंत, तर हे सत्र तुम्ही नीट विचार करून बसवलं आहे हे वाचणाऱ्याला पटतं.

शेवटच्या दोन ओळी पर्यायासाठी ठेवा. कोरड्या हवेत वरचा पाचोळा रिकामा असतो, जीव खाली ओलाव्याकडे गेलेले असतात. म्हणून सावलीतली, दमट जागा आदल्या दिवशी पाहून ठेवायची. पावसात सकाळी गोळा केलेला पाचोळा झाकणाच्या टोपलीत आणून छपराखाली तेच सत्र घेता येतं. ‘पाऊस आल्यास चित्रफीत दाखवू’ हा पर्याय लिहू नका, कारण त्याने उद्देश साधत नाही.

योजनेच्या मागच्या बाजूला जोखीम तक्ता द्या. रकाने असे: धोका कोणता, कोणाला, किती गंभीर, काय उपाय आणि जबाबदार कोण. उपायाच्या रकान्यात ‘काळजी घेणे’ असं लिहिलेलं असलं की तक्ता वाया गेला. गोम चावू शकते, म्हणून गोम फक्त ट्रेमध्ये पाहायची, उचलायची नाही. मूल हरवू शकतं, म्हणून निघताना, पोहोचल्यावर आणि परत फिरण्याआधी अशी तीनदा मोजणी, एक मोठा माणूस पुढे आणि एक मागे. गांधीलमाशीचं पोळं असू शकतं, म्हणून त्याच सकाळी जागेची पाहणी आणि कोणाला ॲलर्जी आहे याची यादी शाळेकडून आधी मागवणं. पाण्याजवळचं सत्र असेल तर नियम कडक होतात. मुलांनी काठावर उभं राहून वाकायचं नाही, गुडघ्यांवर बसायचं, आणि एका मोठ्या माणसाचं काम फक्त पाण्याकडे लक्ष ठेवणं एवढंच. हातावर जखम असेल तर जलरोधक पट्टी लावल्याशिवाय पाण्यात हात नाही, कारण उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो.

बालसुरक्षेचं धोरण संस्थेकडे असेलच, ते मुलाखतीपूर्वी मागून वाचा. पार्श्वभूमी तपासणीची कागदपत्रं लागणार असतील तर ती मिळवायला वेळ लागतो, लगेच कामाला लागा. मुलासोबत एकटं, इतरांच्या नजरेआड थांबायचं नाही. लेखी संमतीशिवाय फोटो काढायचे नाहीत. काढलेले फोटो स्वतःच्या फोनवर ठेवायचे नाहीत. आणि एक प्रश्न मुलाखतीत बहुधा येतोच: फेरीत एखाद्या मुलाने घरी होणाऱ्या मारहाणीबद्दल सांगितलं तर? शांतपणे ऐकायचं, खोदून विचारायचं नाही, ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवायचे आणि संस्थेने नेमलेल्या व्यक्तीला त्याच दिवशी कळवायचं. या उत्तरात चाचपडलेला उमेदवार बाकी कितीही हुशार असला तरी मागे पडतो, आणि तसंच व्हायला हवं.

मुलाखतीत बहुतेक ठिकाणी दहा मिनिटांचं प्रात्यक्षिक मागतात. समोर तीन-चार मोठी माणसं मुलं बनून बसलेली असतात. उमेदवार इथे घसरतात ते माहिती कमी पडल्याने नव्हे, जास्त झाल्याने. दहा मिनिटांत एकच कल्पना घ्या, एकच वस्तू हातात द्या आणि समोरच्यांना किमान पाच मिनिटं काहीतरी करू द्या. किड्यांनी खाल्लेली चार-पाच पानं पुरतात. ‘हे कशाचं पान आहे?’ या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर असतं आणि ज्याला येत नाही तो गप्प बसतो. ‘हे कोणी खाल्लं असेल, कशावरून म्हणता?’ या प्रश्नावर सगळे पान उलटसुलट करून पाहतात. कडेने कुरतडलेलं, मध्ये भोकं पाडलेलं, हिरवा भाग खरवडून जाळी उरलेलं आणि आतून नागमोडी बोगदा काढलेलं अशी चार वेगळी पानं नेलीत, तर पूर्ण सत्र त्यावर चालतं.

प्रश्न विचारल्यावर थांबा. अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांचा अभ्यास केला, तेव्हा शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. ते तीन सेकंद किंवा जास्त थांबले की उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येऊ लागली, न बोलणारी मुलंही बोलू लागली. मुलाखतीच्या ताणात तीन सेकंद फार मोठे वाटतात, म्हणून घरी घड्याळ लावून सराव करा.

काही सवयी छोट्या वाटतात, पण समितीचं त्यांच्याकडे लक्ष असतं. सूर्य तुमच्या तोंडावर असू द्या, मुलांच्या पाठीवर. उलट झालं की मुलं डोळे मिटून ऐकतात. सूचना आधी, साहित्य नंतर. भिंग हातात पडल्यावर कोणीही ऐकत नाही. हद्द पावलांत सांगू नका, ‘त्या झाडापासून या बाकापर्यंत’ अशी दिसणारी सांगा. ‘समजलं का?’ असं विचारू नका, कारण सगळे हो म्हणतात. त्याऐवजी एखाद्याला पहिली पायरी परत सांगायला लावा. चालताना बोलू नका. थांबा, शेवटचं मूल येऊ द्या, मग बोला.

एखाद्या पक्ष्याचं किंवा किड्याचं नाव आलं नाही तर सरळ सांगा आणि ते शोधायची पद्धत दाखवा: आकार, रंग, कुठे बसला होता, काय करत होता. समितीत अनेकदा एखादा जाणकार मुद्दाम अवघड जीव दाखवतो. तिथे ठोकून दिलेलं नाव तुम्हाला महागात पडतं. ओळखीसाठी आयनॅचरलिस्टसारखं ॲप वापरणार असाल, तर नोंद तुमच्या किंवा संस्थेच्या खात्यावरून होईल आणि त्यात मुलाचं नाव वा चेहरा येणार नाही, हेही सांगा.

बाकीचे प्रश्न प्रसंगांवर असतात. पंचवीस सांगून चाळीस मुलं आली तर? गट सहाहून वाढवायचे, भिंगं फिरती ठेवायची, सोबत आलेल्या शिक्षकांना प्रत्येकी दोन गट नेमून द्यायचे. मोठी माणसं पुरेशी नसतील तर सत्र पाण्याजवळ न घेता शाळेच्या आवारात घ्यायचं. एखाद्या मुलाने कोळी चिरडला तर? सर्वांसमोर लाज न आणता हात थांबवायचा आणि त्याच मुलाकडे पुढचा जीव सुखरूप सोडण्याचं काम द्यायचं. बऱ्याचदा चिरडण्यामागे भीती असते. सहा वर्षांच्या मुलांना जंगलतोड आणि नामशेष होणाऱ्या प्राण्यांबद्दल काय सांगाल? या वयात ओळख आणि जवळीक घडू द्यायची. संकटांची चर्चा मुलं मोठी होतील आणि स्वतः काही करू शकतील तेव्हा. संवर्धन संस्थांत या मुद्द्यावर मतभेद असतात, पण तुमचं मत ठाम आणि कारणासह असावं.

परिणाम कसा मोजाल, हेही विचारतील. लांब प्रश्नावली सुचवू नका. सत्राआधी आणि नंतर ‘मातीत कोण कोण राहतं?’ याचं दोन मिनिटांचं चित्र काढून घेतलं आणि त्यातले जीव मोजले, तर फरक दिसतो आणि अहवालातही देता येतो. त्याच दिवशी घेतलेलं चित्र आठवण मोजतं, टिकलेलं शिकणं नाही. म्हणून तीन-चार आठवड्यांनी शिक्षकांकडून पुन्हा एक चित्र मागवायचं, एवढं बोललात तरी पुरे.

तुमच्या प्रश्नांची पाळी आली की पूर्वी काढलेली यादी समोर घ्या. आठवड्याला प्रत्यक्ष सत्रं किती, पावसाने किंवा शाळेने ऐनवेळी रद्द केलेल्या सत्राचे पैसे मिळतात का, विमा सत्रात मुलांना आणि तुम्हालाही लागू आहे का, साहित्य कोण वाहून नेतं आणि कुठे ठेवतात, करार किती महिन्यांचा आणि अनुदान कधी संपतं, पहिले काही दिवस जुन्या शिक्षकासोबत काम करायला मिळेल का. पैशांचं विचारायला संकोचू नका. सेवाभावी काम असलं तरी तुमच्या तासांचा हिशेब स्पष्ट असणं संस्थेच्याही हिताचं असतं. शिक्षक मध्येच सोडून गेला की शाळांशी जुळलेलं नातं तुटतं.

निवड झाली नाही, तर आठवडाभरात दोन ओळींची मेल पाठवून सत्र-योजनेवर नेमका अभिप्राय मागा आणि गर्दीच्या दिवसांत मदतनीस लागल्यास कळवा असं लिहा, मोकळे दिवस देऊन. अर्धवेळ जागा वारंवार रिकाम्या होतात आणि संस्था बऱ्याचदा नवी जाहिरात काढण्याआधी ओळखीच्या मदतनीसांना विचारतात.